लोणारच्या विवरात, चिलटांच्या मागे

लोणारला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, सरोवराचं पाणी खरंच खारट लागतं का, कमळजादेवीचं दर्शन झालं का. पाणी मी चाखलं नाही आणि देवीला लांबूनच हात जोडले. मी गेले होते चिलटं पकडायला. पिकलेल्या केळ्यावर जी बारीक, तांबड्या डोळ्यांची माशी घिरट्या घालते, तीच. पुण्यात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी तिच्यावरच काम करते. घरी आई सगळ्यांना ‘सुधा संशोधन करते’ एवढंच सांगते. माशीचं नाव काढत नाही.

नवं महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली आहेत. आमच्या सरांनी भिंतीवरच्या नकाशात बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथे जमिनीत एक प्रचंड वाटी आहे. वाटीच्या तळाशी केळीच्या बागा आहेत. आतली माशी बाहेर जात नसेल आणि बाहेरची आत येत नसेल, तर काय होईल?”

काय होऊ शकेल ते मला ठाऊक होतं. या माशीच्या मादीच्या अंगाला एक गंध असतो, आपल्या नाकाला न कळणारा. नर तिच्या मागे जातो, पुढच्या पायाने तिला हळूच शिवतो, आणि गंध पटला तरच एक पंख पसरून तिच्यापुढे नाचतो. हा गंध पिढ्यानपिढ्या जनुकांतून चालत येतो. दोन वस्त्या फार काळ वेगळ्या पडल्या तर एकीकडचा गंध बदलत जातो, त्याच्याबरोबर तिथल्या नरांची आवडही बदलते. मग कधी तरी दोघं समोरासमोर आली तरी एकमेकांना ओळखत नाहीत. एका जातीच्या दोन जाती होतात. प्रयोगशाळेत ऐकताना हे मला सुंदर वाटायचं. पुढे जे घडलं त्यानंतर गंध हा शब्द ऐकला की माझ्या मानेवर काटा येतो.

डोणगाव

एकट्या मुलीने लोणारच्या रानात उतरायचं हे घरी कोणालाच पटणारं नव्हतं. तोडगा निघाला तो आप्पामामांचा. माझं आजोळ मेहकर तालुक्यातलं डोणगाव. आप्पामामा तिथेच शाळामास्तर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. मामांसारखा भित्रा माणूस आजोळात दुसरा नव्हता. वीज कडाडली की ते माजघरात जाऊन बसत, विहिरीत वाकून बघत नसत, बैल दिसला की रस्ता बदलत. त्यांच्या भरवशावर आईने मला पाठवलं याचं मला एस.टी.त बसल्यावर हसू येत होतं.

मामींनी पाटवडीचा रस्सा केला होता. पुण्याच्या गूळ घातलेल्या आमटीवर वाढलेल्या माझ्या डोळ्यांतून पहिल्याच घासाला पाणी आलं. मामी हसून म्हणाल्या, “खाय माय, खाय. पुन्यात तुमी तिखट खात नाई म्हनून अशा वाळून जाता.”

मी डोणगावच्या बाजारात पेरूंच्या ढिगाशेजारी केळ्याचा लगदा घातलेल्या बाटल्या ठेवल्या आणि बाहेरची चिलटं गोळा केली. मामा शेजारी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होते, “सरकारी काम आहे.” संध्याकाळी त्यांनी मला ओसरीवर बसवून विचारलं, “सुधे, खाली उतरनं लागतेच का? कोनाच्या हातून बाटल्या पाठवल्या तं नाई जमनार?”

“नाही मामा. मलाच जायला पाहिजे.”

“हाव.” त्यांनी मान डोलावली. “मंग मी येतो.”

लोणार

लोणार गाव लहान आहे. चार दुकानं, एस.टी.चा थांबा आणि गावाच्या कडेला अचानक संपणारी जमीन. चालता चालता पाऊल पुढे टाकायला जागाच राहात नाही. खाली खोल, गोलाकार, सगळ्या बाजूंनी कड्यांनी वेढलेलं रान आणि मधोमध हिरवट, मेलेल्या डोळ्यासारखं पाणी. हे ज्वालामुखीचं तोंड की आकाशातून पडलेल्या दगडाचा खड्डा, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. काठावर उभी राहिले तेव्हा मला दोन्हींपैकी काहीही खरं वाटलं असतं. वारा वर होता. खाली एक पान हलत नव्हतं.

खाली केळीची बाग होती ती गणपतराव आणि कौसाबाई या नवरा-बायकोची. कड्यातून बारमाही झरा वाहतो, त्याचं गोडं पाणी पाटाने बागेत आणलेलं. मामांनी निरोप धाडला होता, म्हणून कौसाबाई काठावर आम्हाला घ्यायला आल्या होत्या. उंच, काळ्यासावळ्या, डोक्यावरून घोंगडी घेतलेल्या. मामांना त्यांनी “गुरुजी” म्हणून नमस्कार केला आणि मला नीट न्याहाळून म्हणाल्या, “चिलटं पाह्याले आल्या म्हने तुमी! आमी तं हाकलतो त्याईले.”

उतार चिंचोळा होता. वर माकडं एकदम खाकरू लागली तेव्हा मामांनी माझा दंड धरला.

“वाघ असन,” ते पुटपुटले.

“बिबट हाय एक,” कौसाबाई सहज म्हणाल्या. “दिवसा नाई येत तो.”

त्यानंतर मामांनी माझा दंड सोडला नाही.

पाण्याजवळ गेलो तसा कुजकट वास नाकात भरला. मला काठचा चिखल वरून वाळलेला वाटला, म्हणून मी पुढे पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. खालून काहीतरी ओढतंय असंच वाटलं. मी ओरडले. कौसाबाईंनी आणि मामांनी मिळून मला मागे खेचलं. माझी एक चप्पल तळ्यानेच ठेवून घेतली. कौसाबाई म्हणाल्या की त्यांची एक म्हैस अशीच गेली होती. मामांचे ओठ हलत होते. रामरक्षा असावी.

बाग मात्र थंड आणि ओलसर होती. घड पिकून फुटलेले, आणि त्यांच्यावर चिलटांचे ढग. मी भय विसरले. केळीच्या बुंध्यांना सुतळीने बाटल्या बांधल्या आणि आम्ही भाकरी, ठेचा आणि त्याच बागेतली केळी खायला बसलो. तेव्हा मामांनी वर बघितलं.

बागेच्या मागे कडा होता. त्याच्या कपारींत सुपाएवढी काळी मोहोळं लोंबत होती, एकाशेजारी एक. आग्या मोहोळं. मधूनच त्यांच्या अंगावरून लाट जावी तशी थरथर जात होती.

“कौसाबाई,” मामांचा आवाज बदलला होता, “हे काय वो?”

“दरसाल असतात, गुरुजी. आपन धूर नाई केला, गोटा नाई मारला, तं त्या काई नाई करत.”

“सुधे, बाटल्या काढ. चाल.”

“मामा, अजून पुरत्या माश्या आल्या नाहीत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते परत खाली बसले.

कड्याखाली

मी बाटल्यांना कापसाचे बोळे लावत होते तेव्हा कड्यावरून एक सावली सरकली. घार. ती सरळ मोहोळावर आदळली आणि पंजात पोळ्याचा तुकडा घेऊन उडाली. पोळ्याचा दुसरा तुकडा खाली दगडावर पडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाऊस दुरून यावा तसा आवाज आला.

“घारीनं मोहोय फोडलं!” कौसाबाई किंचाळल्या. “पया! देवळात पया!”

बागेच्या टोकाला जुनं पडकं देऊळ आहे, आत काळोख. मी पळाले. पहिला डंख हाताच्या मागच्या बाजूला बसला. तापलेली तार टोचावी तसा. त्याबरोबर नाकात पिकलेल्या केळ्याचा दाट वास आला. मला वाटलं हातातली बाटली फुटली. पण बाटली हातात नव्हतीच. तो वास माझ्या हाताला येत होता, जिथे नांगी रुतली होती तिथून. आणि त्याच जागी दुसरी माशी बसली, मग तिसरी. मानेवर, कानामागे, पापणीवर. कौसाबाईंनी मला गाभाऱ्यात ओढलं तेव्हा माझा एक डोळा मिटत आला होता.

आत वटवाघळं होती, त्यांची घाण होती, पण काळोखात माश्या येत नव्हत्या. कौसाबाई नखाने माझ्या हातातल्या नांग्या खरवडून काढू लागल्या. मी म्हटलं, “मामा?”

त्यांचा हात थांबला.

बाहेरून आवाज आला. “सुधे! सुधे!” बागेच्या मध्यातून, दुरून. मामांना पळता आलं नव्हतं. मी दाराकडे गेले तर कौसाबाईंनी पदर धरला. “आता बाह्यर गेल्या तं मरसान ताई. थांबा जराशा. निवतीन त्या.”

मी थांबले. हे सांगायला हवं की मी थांबले ते त्यांनी पदर धरला म्हणून नव्हे. माझे पायच हलत नव्हते. दाराच्या चौकोनात उन्हात काळे ठिपके फिरत होते, आणि माझ्या सगळ्या अंगातून एकच गोष्ट ओरडत होती: आत राहा. मामा हाका मारत होते. मग त्यांनी हाका मारणं बंद केलं.

त्या शांततेने मला हलवलं. “मावशी, घोंगडी द्या,” मी म्हटलं. कौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावरही गांधी उठल्या होत्या. “एकली कशी ओढसान तुमी त्याईले,” त्या म्हणाल्या आणि घोंगडी दोघींच्या डोक्यावर घेतली. आम्ही जवळजवळ रांगतच निघालो. घोंगडीवर माश्या आपटत होत्या, वाळूची मूठ कोणी फेकावी तशा. आत, अंधारात, तोच केळ्याचा वास. तो आमच्याबरोबर चालत होता.

मामा पाटात पालथे पडले होते. टोपी कानांवर ओढून तोंड चिखलात खुपसलं होतं. पाठीवर सदरा दिसत नव्हता, इतक्या माश्या. आम्ही त्यांना काखेत धरून ओढलं. ते जड होते, चिखलाने निसटत होते. देवळाच्या उंबऱ्यापाशी माझ्या तोंडून रडणं बाहेर पडलं ते मला थांबवता येईना. कौसाबाईंनी वाळकी केळीची पानं दारात ओढून पेटवली. धुराने आम्ही खोकत होतो, पण माश्या मागे हटल्या.

मामांचे ओठ सुजून बाहेर आले होते. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. त्यांनी डोळे उघडायचा प्रयत्न केला, पण पापण्या उघडेनात. मी त्यांचा हात धरून बसले आणि आईला काय सांगायचं, मामींना काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. माश्यांचा आवाज हळूहळू कड्याकडे सरकला. तेवढ्यात गणपतराव आले. धूर दिसला म्हणून वरून धावत आले होते. त्यांनी मामांना पाठीवर घेतलं आणि चढ चढायला लागले. मी एका पायात चप्पल, एका डोळ्याने बघत मागे. अर्ध्या वाटेवर ती शिट्टी थांबल्यासारखी वाटली. “मामा!” मी ओरडले. गणपतरावांनी खांद्यावरून सांगितलं, “हाय, हाय. जीव हाय.”

गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मामांना सुई टोचली आणि नाडीवर बोट ठेवून उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा बराच वेळ तसाच होता, मग थोडा सैल झाला. “घसा सुजला होता. आता उतरेल. पण नजर ठेवावी लागेल.” खाटेशेजारी मी बसून राहिले. उजाडल्यावर मामांनी जाड झालेल्या जिभेने पहिलं काय विचारलं असेल?

“तुह्या बाटल्या?”

मी म्हटलं, “मामा, जाऊ द्या त्या बाटल्या.”

पण दुपारी कौसाबाई आल्या, कपाळाला चुना लावलेल्या. त्यांनी पदरातून दोन बाटल्या काढून खाटेवर ठेवल्या. “बाकीच्या फुटल्या,” त्या म्हणाल्या. “सकायी मोहोय निजलेलं असतं, तवा जाऊन आली.” मी त्यांच्या हाताला हात लावला. त्या जागेवर परत जाऊन आली होती ही बाई, माझ्या चिलटांसाठी.

पुण्यात

प्रयोगशाळेत आल्यावर केळ्याच्या वासाचा उलगडा झाला. आग्या माशीची नांगी रुतली की तिच्यातून एक गंध सुटतो, आणि तो बाकीच्यांना सांगतो: इथे मारा. माणसाच्या नाकाला तो केळ्यासारखा लागतो. मी ते ऐकून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. माझी माशीही केळ्यावर, तिचं सगळं आयुष्य गंधावर. एक गंध जवळ बोलावतो, दुसरा जीव घ्यायला बोलावतो, आणि आपल्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

विवरातले नर आणि डोणगावच्या माद्या मी एकत्र सोडल्या. त्यांनी एकमेकांना लगेच ओळखलं. अळ्यांनी बाटली भरून गेली. कड्यांच्या भिंतीने काहीच वेगळं केलं नव्हतं. एवढीशी माशी वाऱ्यावर बसून वर-खाली जातच असणार. मामा एवढ्यासाठी मरणार होते?

पण मग भलतंच दिसलं. विवरातल्या एकाच बाटलीत काही नर काही माद्यांजवळ जात, पुढच्या पायाने शिवत आणि झटका बसल्यासारखे मागे सरत, पाय पुसत निघून जात. मी सूक्ष्मदर्शकाखाली नर घेतले. पुढच्या पायावर केसांची एक बारीक फणी असते. ती दोन तऱ्हांची निघाली. दोन वेगळ्या जाती, एकाच केळ्यावर. माद्या तर इतक्या सारख्या की मला अजूनही ओळखता येत नाहीत. नराला एका स्पर्शात कळतं. मी कड्यांमध्ये भिंत शोधत होते, आणि भिंत त्या माद्यांच्या अंगावर होती, वासाची.

सर फार खूश झाले. “ही दुसरी जात विवराबाहेर आहे का, आत किती आहे, बघायला हवं. शिवरात्रीच्या सुमारास पुन्हा जा.”

मी ‘हो’ म्हटलं. त्या दिवसापासून मला नीट झोप लागली नाही.

पुन्हा लोणार

मामांना मी येऊ नका म्हणून कळवलं होतं. ते डोणगावच्या थांब्यावर पिशवी घेऊन उभे होते. मामी लांब उभ्या, रागाने तोंड फिरवून. एस.टी.त मामा खिडकीबाहेर बघत बसले. त्यांची मान थोडी बारीक झाल्यासारखी वाटली.

सकाळ होती. मोहोळं हलायच्या आत उतरून यायचं ठरलं होतं. कौसाबाई खाली बागेत वाट बघत होत्या. मी काठावर आले आणि खाली बघितलं. आवाज ऐकू येत होता, तो पावसासारखा. मामांना विचारलं, “ऐकू येतंय?”

“काय?”

“काही नाही.” मी एक पाय उतारावर टाकला आणि मागे घेतला. परत टाकला. घाम फुटला. मी म्हटलं, “मामा, माझं डोकं दुखतंय. पाच मिनिटं बसू.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. शाळेत ज्याला उत्तर येत नाही त्या पोराकडे ते कसे बघत असतील, ते मला तेव्हा कळलं. रागाने नव्हे. त्यांनी माझ्या खांद्यावरची बाटल्यांची पिशवी काढून घेतली.

“बोळा कसा लावाचा, दाखव एकदा.”

“मामा, नको.”

“दाखव म्हंतो ना.”

मी दाखवलं. त्यांनी आपल्या पिशवीतली घोंगडी काढून डोक्यावरून घेतली, टोपी नीट केली आणि ते उतरू लागले. प्रत्येक वळणावर थांबत होते. झाडीत शिरले, मग दिसेनासे झाले. मी काठावरच्या दगडाला धरून बसले. खाली पाखरू ओरडलं तरी मी दचकत होते. कड्यावर घार दिसते का म्हणून डोळे फाडून आकाश बघत होते. विवरात असताना मला भीती वाटली होती, पण ती माझ्या अंगापुरती होती. ही वेगळी होती. हिला धरायला काही नव्हतं.

मग खालून, त्या वाटीतून, कड्यांवर आदळत मामांचा शाळेतला आवाज आला: “सुधे! बोळा घट्ट लावू का सैल?”

मी उभी राहिले. मला हसू येत होतं आणि गालांवरून पाणी वाहत होतं. “सैल!” मी ओरडले. “श्वास घ्यायला जागा ठेवा!”

“हाव!”

ऊन कड्याच्या निम्म्यावर आलं तेव्हा टोपी झाडीतून वर आली. मामांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. सगळ्या बाटल्यांत चिलटं होती. ते माझ्या शेजारी बसले, घोंगडी काढली, पाणी प्याले.

“भीती वाटली, मामा?”

“लय,” ते म्हणाले. “पन ह्या खेपी तू वर होती ना. म्हनून तितकी नाई वाटली.”